एक बिनकमाईचा मायनर बनवाच!

मागच्या महिन्यात गावी, देवगाव रंगारीला गेलो होतो. एसटीतून उतरतोय तोच आमच्या गल्लीतला एक पोरगा समोर. एसवाय बीएस्सीला आहे, मला दादा म्हणतो. चहाचं सांगायच्या आत त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, हे बघ. जुना मायनर आहे, ऐंशी हजारात देतोय. पप्पांकडं अद्रकचे पैसे आलेत. विहिरीवर लाइट आहेच आपली, तिचं बिल पण येत नाही. शेडमध्ये ठेवला की रात्रंदिवस बिटकॉइन काढत बसेल. जमेल ना?"

ते रील तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलं असेल. अंधारी खोली, निळे दिवे, रांगेनं लावलेली ग्राफिक कार्डं आणि खाली लिहिलेलं, की आज झोपेत इतके डॉलर कमावले. बघून हात शिवशिवतात, हे मी कबूल करतो. लहानपणी घरातला रेडिओ खोलून ज्यानं मार खाल्लाय, त्याचे तर जास्तच. पैशांचं आकर्षण असतंच, पण त्याच्या आधी 'हे आपल्याला बनवता येईल' ही खुमखुमी असते.

म्हणून मी त्याला सरळ नको म्हटलं नाही. म्हटलं, ऐंशी हजार पप्पांकडेच राहू दे. आधी पाचशे रुपयांचा मायनर बनव, महिनाभर चालव, मग बोलू.

तुम्हालाही तेच सांगायचंय. मायनिंगमधून कमाई करायला निघाला असाल तर थांबा. पण इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असेल तर स्वतःच्या हातानं एक मायनर बनवाच. तो तुम्हाला रुपया देणार नाही. तरीही बनवा. का, ते सांगतो.

ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड तुमच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हाताळला असेलच. चारपाचशे रुपयांत मिळतो, वायफाय त्यातच असतं, मोबाइलच्या चार्जरवर चालतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आपण त्यावर जमिनीतला ओलावा मोजतो, नाहीतर मोबाइलवरून बल्ब चालू-बंद करून सरांना दाखवतो. त्याच बोर्डावर बिटकॉइन मायनिंगचा प्रोग्रॅम टाकता येतो. जगभरचे छंदी लोक त्याला 'नर्डमायनर' म्हणतात. प्रोग्रॅम फुकट आहे, खुला आहे आणि मुख्य म्हणजे ओळ न् ओळ वाचता येतो.

वाचायला लागलात की पहिला गैरसमज जातो. मायनिंग म्हणजे कॉम्प्युटर काहीतरी भयंकर अवघड कोडं सोडवतो, असं आपल्याला सांगितलेलं असतं. तसं काही नाही. बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकला ८० बाइटचं एक हेडर असतं. त्यात आधीच्या ब्लॉकची खूण, आतल्या व्यवहारांचा गोषवारा, वेळ वगैरे माहिती असते आणि शेवटी ४ बाइटची एक जागा आपल्याला हवा तो आकडा भरायला मोकळी असते. तिला नॉन्स म्हणतात. ही ८० बाइट शा-२५६ नावाच्या गणिती चरकातून दोनदा काढायची. बाहेर एक लांबलचक आकडा पडतो, तो म्हणजे हॅश. तो ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा लहान निघाला तर ब्लॉक तुमचा. नाही निघाला तर नॉन्स एकानं वाढवा आणि पुन्हा चरकात घाला. बस्स. अक्कल कुठे लागतच नाही, लागतो तो फक्त वेग.

आता गणित बघा. नॉन्सच्या ४ बाइटमध्ये सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे आकडे बसतात. ईएसपी३२ वर साधा प्रोग्रॅम चालवला तर तो सेकंदाला पन्नासेक हजार हॅश काढतो. म्हणजे एका हेडरचे सगळे नॉन्स तपासायला जवळजवळ २४ तास. आणि जगात नवा ब्लॉक निघतो सरासरी दर १० मिनिटांनी, दिवसाला १४४. तुमचा बोर्ड पहिल्याच ब्लॉकचे आकडे मोजत बसलेला असतो, तोवर १४४ ब्लॉक दुसऱ्यांनी नेलेले असतात. (प्रत्यक्षात प्रोग्रॅम मध्येच जुनं हेडर टाकून नवं घेतो, पण लक्षात आलं ना?)

पुढचा भागाकार मी त्या पोराला टपरीवरच करायला लावला. २०२४ च्या मध्यात जगभरच्या सगळ्या मायनरांचा मिळून वेग सेकंदाला साधारण सहाशे एक्झाहॅश होता. म्हणजे सहावर वीस शून्यं. नंतर तो वाढतच गेला, पण आपण हाच धरू. या गर्दीत पन्नास हजारवाल्याचा नंबर सरासरी किती वर्षांनी लागेल? त्यानं तीनदा करून बघितलं. उत्तर आलं, सुमारे तेवीस हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे. आणि नवीन बिटकॉइन निघणं तर २१४० च्या सुमारास थांबणार आहे. पोरगा हसायला लागला. म्हटलं, हस, पण हा भागाकार विसरू नको.

कधीकाळी घरगुती मायनरचे दिवस होते, हेही खरं. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला, तेव्हा घरातला साधा कॉम्प्युटर पुरत होता आणि एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळत होते. २०१० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की गेम खेळायचं ग्राफिक कार्ड हेच काम कितीतरी पट वेगानं करतं. मग २०११ च्या सुमारास छंदी मंडळी एफपीजीएवर आली. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जुळवून घेता येतं अशी चिप. आपण सेमिस्टरला व्हेरिलॉग शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो ना, तीच. तो काळ खरा आपल्यासारख्यांचा होता. पण २०१३ मध्ये एसिक आले, फक्त शा-२५६ करण्यासाठीच घडवलेल्या चिपा. दुसरं काही त्यांना करता येत नाही, अगदी साधी बेरीज सांगितली तरी नाही. त्या आल्या आणि घरातला खेळ संपला.

खेळ संपण्याचं कारण बिटकॉइनच्या रचनेतच आहे. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क बघतं की ब्लॉक लवकर निघतायत का उशिरा. लवकर निघत असतील तर अट कडक करतं. त्यामुळे जगात कुणीही नवी, वेगवान मशीन लावली की तुमच्या जुन्या मशीनची कमाई बसल्या जागी घटते. तुम्ही काहीही चूक केलेली नसते. शिवाय दर चारेक वर्षांनी ब्लॉकचं बक्षीस निम्मं होतं. ५० चे २५ झाले, मग साडेबारा, मग सव्वासहा. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे.

हा नियम नीट डोक्यात ठेवा, कारण थोड्या वेळानं आपल्याला तो पुण्यात लागणार आहे.

त्याआधी जरा मजेचं. केन शिरिफ नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं २०१४ मध्ये चक्क कागद-पेन्सिलनं मायनिंग करून दाखवलं. शा-२५६ च्या ६४ फेऱ्यांपैकी एक फेरी हातानं करायला त्याला पावणेसतरा मिनिटं लागली. या हिशेबानं वेग पडतो दिवसाला ०.६७ हॅश. पुढच्या वर्षी त्यानं पंचकार्डांवर चालणाऱ्या जुन्या आयबीएम १४०१ कडून तेच करून घेतलं, तर एका हॅशला ८० सेकंद लागले. यातून त्याला दमडी मिळणार नव्हती आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. मला असली माणसं फार आवडतात.

ईएसपी३२ वर हात बसला की पुढची पायरी म्हणजे बिटअॅक्स. हा एक खुला आराखडा आहे. सर्किट, बोर्डाची मांडणी, प्रोग्रॅम सगळं उघड. मोठ्या अँटमायनर मशीनमध्ये शंभराच्या वर चिपा असतात, त्यातली एकच चिप घेऊन तळहाताएवढ्या बोर्डावर बसवायची. तिला चालवायला पुन्हा आपला ईएसपी३२ च. साधारण १५ ते २० वॉटमध्ये हा बोर्ड सेकंदाला एक टेराहॅशच्या आसपास जातो. महिनाभर चोवीस तास चालवला तरी बारा-तेरा युनिट, म्हणजे एखाद्या एलईडी दिव्याइतकं बिल.

आणि शिकायला काय मिळतं बघा. बाहेरून ५ व्होल्ट येतात, चिपला हवे असतात १.२ च्या आसपास, पण करंट लागतो बारा-चौदा अँपियर. पुस्तकातला बक कन्व्हर्टर इथे पहिल्यांदा भेटतो. ट्रॅक बारीक ठेवला तर तो तापतो, कथील नीट धरलं नाही तर व्होल्टेज पडतं, पंखा उलटा बसवला तर चिप दोन मिनिटांत आचके देते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. हीटसिंक म्हणजे काय, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वेळी कॉलेजात अर्धे बोर्ड कपाटात कुलूपबंद असायचे, खराब होतील म्हणून. खराब झाल्याशिवाय येतं का काही? पैठण गेटला मोबाइल दुरुस्त करणारी पोरं बघा. बारावीचा पत्ता नाही, पण हॉट एअरनं आयसी अशी अलगद उचलतात की आपल्या डिग्रीला घाम फुटावा. बिटअॅक्स हातानं जोडायचा असेल तर मी आधी त्यांच्याकडे महिनाभर स्टुलावर बसेन.

याच बिटअॅक्सला एकट्यानं ब्लॉक लागायची सरासरी वाट, वरच्याच हिशेबानं, अकरा हजार वर्षांच्या पुढे. अशा छोट्या यंत्राला कधीतरी कुणाचा ब्लॉक लागल्याची बातमी येते आणि ती खरीही असते. लॉटरीही कुणाला तरी लागतेच की.

आता त्या ऐंशी हजारांच्या मशीनकडे येऊ. रीलमधली ग्राफिक कार्डं बिटकॉइनसाठी केव्हाच बाद झालीत. पोराला दाखवलेलं मशीन एस१९ जातीचं होतं. २०२० सालचं, ९५ टेराहॅश, ३,२५० वॉट. आता हे शेडमध्ये लावून बघा. गिझर चोवीस तास चालू ठेवल्यासारखं आहे. दिवसाला ७८ युनिट. २३० व्होल्टला चौदा अँपियर सतत. आणि आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं, तेव्हा हे मशीन तेवढेच वॉट मिळवण्यासाठी जास्त करंट ओढू बघतं, सतरा अँपियरपर्यंत. शेडमधली जुनी वायर आणि ढिला सॉकेट काय म्हणेल? मुळात ही मशीनं २०० व्होल्टच्या खाली नीट चालतच नाहीत.

कमाई? सहाशे एक्झाहॅशच्या गर्दीत ९५ टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला ०.००००७ बिटकॉइन येतं. एका बिटकॉइनचे पन्नास लाख धरा, साडेतीनशे रुपये झाले. भाव रोज हलतो, आजचा घेऊन तुम्हीच गुणा. आणि युनिटला दहाच रुपये धरले तरी वीज ७८० रुपयांची. घरगुती मीटरवर पाचशे युनिटच्या पुढचा स्लॅब तर याहून महाग आहे.

"पण विहिरीवरची लाइट फुकट आहे ना दादा!" या वाक्यावर मात्र मी चहा खाली ठेवला.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल २०२४ पासून सरकार भरतं. बिल आपल्या घरी येत नाही, म्हणून वीज फुकट होत नाही. ती पाण्यासाठी दिली आहे. पंपाची वीज दुसऱ्याच कामाला वापरली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ आहे. तारेवर आकडा टाकला तर कलम १३५, आणि तो सरळ फौजदारी गुन्हा. पण कायदा बाजूला ठेवू. डीपी जळाल्यावर काय होतं, हे गावातल्या पोरांना मी काय सांगू? ऐन पाण्याच्या पाळीत डीपी जाते, मग वर्गणी, मग ट्रॅक्टरमध्ये घालून नेणं, मग वाट बघणं, आणि तोवर मका माना टाकतो. आधीच भार जास्त असलेल्या डीपीवर आपण आणखी सव्वातीन किलोवॉट लटकवायचे आणि शेजारच्या काकांनी रात्री दोनला लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं? हॉस्टेलच्या सॉकेटवर मायनर लावून 'कॉलेजची लाइट आहे, काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांनाही हाच प्रश्न. पैसे उरतात ते फक्त बिल दुसऱ्यावर ढकललं की. माझ्या लेखी त्याला छंद म्हणत नाहीत.

आता पुण्याकडे या. २०१५ मध्ये 'गेनबिटकॉइन' नावाची योजना सुरू झाली. म्हणणं असं की मशीन आमच्याकडे आहेत, तुम्ही बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही तुमच्या वतीनं मायनिंग करू, आणि दर महिन्याला १० टक्के बिटकॉइन परत देऊ, सलग १८ महिने. याला ते 'क्लाउड मायनिंग' म्हणायचे. जोडीला साखळी होतीच, आणखी माणसं आणा, आणखी कमिशन घ्या. सुरुवातीला पैसे मिळाले. २०१७ पर्यंत नवी माणसं यायची कमी झाली, तसं बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं स्वतःचंच नाणं हातात ठेवायला सुरुवात झाली. त्याची किंमत बिटकॉइनपुढे काहीच नव्हती. योजनेचा सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पोलिसांनी अटक केली. आरोप असा, की त्यांनी आरोपींचे बिटकॉइन स्वतःकडे वळवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं देशभरचे गुन्हे सीबीआयकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साठेक ठिकाणी झडत्या झाल्या. त्यात पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

यात अडकलेली माणसं बावळट होती, असं म्हणू नका. शिकलेली, नोकरदार, व्यापारी माणसं होती. त्यांना बिटकॉइनचा भाव माहीत होता. माहीत नव्हतं ते मशीन.

आता मघाचा नियम आठवा. मशीन तीच असेल तर तिची बिटकॉइनमधली कमाई दर दोन आठवड्यांनी हलते आणि बहुतेक वेळा खालीच जाते. म्हणजे '१८ महिने, दरमहा ठरलेले १० टक्के' असं खरा मायनर कधी म्हणूच शकत नाही. आणि ९ जुलै २०१६ ला ब्लॉकचं बक्षीस २५ वरून साडेबारा झालं. त्या दिवशी जगातल्या प्रत्येक खऱ्या मायनिंग मशीनच्या हाती निम्मे बिटकॉइन पडायला लागले. ज्यांचे १० टक्के तरीही १० च राहिले, त्यांचे बिटकॉइन मशीनमधून येत होते की नव्या गिऱ्हाइकांच्या खिशातून? हा प्रश्न विचारायला सीबीआय लागत नाही. पाचशे रुपयांचा बोर्ड आणि महिनाभराची वही पुरते.

कराचंही सांगून टाकतो, रीलवाले सांगत नाहीत. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस. मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च त्यातून वजा होत नाही, हे सरकारनं मार्च २०२२ मध्येच लोकसभेत स्पष्ट केलं होतं. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. म्हणजे मशीनचे ऐंशी हजार कागदावर कुठेच दिसणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, दादा, छंद वगैरे शहरातल्या पोरांना शोभतात. आमच्याकडे पाचशे रुपयांतून काहीतरी निघालं पाहिजे. मान्य. मीही त्याच घरातला आहे. मग असं करा, तोच बोर्ड महिन्यानंतर पुसा आणि दुसऱ्या कामाला लावा. विहिरीवर लाइट आली की मोबाइलवर मेसेज पाठवणारं यंत्र त्यावर दोन दिवसांत होतं. आमच्या गल्लीत त्याला गिऱ्हाईक आहे, बिटकॉइनपेक्षा नक्की.

पोरानं बोर्ड मागवला. पहिले तीन दिवस वायफायलाच जोडला जाईना, मग कळलं राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवलाय आणि ईएसपी३२ ला फक्त २.४ समजतं. आता देव्हाऱ्याशेजारच्या चार्जरवर तो चालू आहे, आणि रोज रात्री पोरगा वहीत आकडे लिहितो. मशीनवाल्याचा फोन मधे दोनदा येऊन गेला म्हणे. यानं त्याला विचारलं, १९० व्होल्टला चालेल का? तो म्हणाला, स्टॅबिलायझर घ्या, पंधरा हजारांचा. त्यानंतर यानंच फोन उचलायचं सोडलं.

परवा त्याचा मेसेज होता. भंगारातून जुना कॉम्प्युटर एसएमपीएस आणलाय, पाच व्होल्टच्या लाइनवर वीस अँपियर लिहिलंय, पण चालूच होत नाही. म्हटलं, हिरवी वायर काळीला जोड. अर्ध्या मिनिटात फोटो आला, पंखा फिरतोय.